चार खुंट्यांची पडवी

त्या मुलखात घर बांधायला जवळजवळ कुणालाच येत नव्हते, आणि तरीही प्रत्येकाला घर होते. मुलखाच्या मधोमध एक मोठे वारूळ होते. ते वाळवीने उभारले होते. वाळवी कुणाला दिसत नसे, कुणाशी बोलत नसे. पण वारुळाच्या पायथ्याशी मातीचे तयार खण रांगेने मांडून ठेवत असे. वारुळाच्या भिंतीला जागोजाग खाचा होत्या. आपल्या गरजेचा खण उचलावा, खाचेत सरकवावा, त्याला दुसरा जोडावा, की घर तयार. उंदराने असे तीन खण लावून कोठार केले होते. चिचुंद्रीला तर डोळ्यांनी धड दिसतही नव्हते. तिने चाचपडत दोन खण जोडले आणि त्या दिवसापासून भेटेल त्याला ती आपण गवंडीण असल्याचे सांगू लागली.

वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, माती फिरण्याचा दिवस येई. आदल्या दिवशी वारुळातून ओल्या मातीचा वास सुटे, त्यावरून सगळ्यांना कळे. त्या दिवशी सर्वांनी घराबाहेर पडून समोरच्या माळावर बसायचे. वाळवी आतून सारे वारूळ नव्याने लिंपून काढी. भेगा बुजत, ठिसूळ माती जाऊन चिवट माती येई, खण पहिल्यापेक्षा थोडे बरे होत. आत ठेवलेल्या एका दाण्यालाही धक्का लागत नसे. संध्याकाळी सगळे परत येत, घर नीट झालेले बघत आणि यंदा हवा जरा कमी खेळते म्हणून कुरकुर करत. आभार मानायचे कुणाला सुचत नसे. मानायचे म्हटले तरी कुणाकडे बघून मानणार?

या मुलखात मातीचे काम खऱ्या अर्थाने येत होते ते एका कुंभारीण माशीला. बारीक कमरेची, तुरतुरीत, आणि तोंडाने फटकळ. ओल्या मातीची गोळी जबड्यात धरून ती असे गाडगे घडवी की बघणाऱ्याने बघत राहावे. तयार खणांचा तिला मनापासून तिटकारा होता. ज्यांचे काम खणांत भागत नसे ते तिच्याकडे येत. वटवाघळाला उलटे लटकायला दांडी हवी, सापाला वळणाची वाट हवी. कुंभारीण येई, वारुळाची भिंत कोरी आणि हवे ते करून देई. उन्हाळ्यात ते बुजले की पुन्हा करून देई; त्यात कुणी काही ठेवत नसे, म्हणून त्याचे कुणाला फारसे वाटत नसे. भिंतीवर बोटभर लांबीच्या खुंट्या होत्या. त्या कशासाठी आहेत हे तिला माहीत नव्हते. काम सफाईदार दिसावे म्हणून ती त्या कापून टाकत असे.

माळावर एक टिटवी राहत होती. टिटवी अंडी घालते ती उघड्यावर, चार खडे गोळा करून. उन्हात ती तापू लागली की टिटवी डबक्यावर धावत जाते, पोटाची पिसे भिजवते आणि धावत येऊन अंड्यांवर बसते. दिवसभर हेच. एका वर्षी धावताना तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय कायमचा अधू झाला. धावणे संपले. तेव्हा ती वारुळाकडे आली. पण खणाला उंच उंबरा असतो, दाणे सांडू नयेत म्हणून. टिटवीची पिल्ले कवचातून निघताक्षणी चालू लागतात. त्या उंबऱ्याच्या आत ती अडकली असती. शिवाय खण तिन्ही बाजूंनी बंद. टिटवीला चहूकडचे दिसल्याशिवाय बसवत नाही.

“अंधारात मला धडधडतं गं,” ती कुंभारणीला म्हणाली. “सावली पाहिजे, पण उजेडातली.”

“एवढंच ना?” कुंभारीण म्हणाली. “परवा ये.”

परवापर्यंत तिने वारुळाच्या पूर्वेच्या भिंतीत जमिनीलगत एक रुंद कोनाडा कोरला. आत गार, समोर मोकळे, तळ गुळगुळीत. असे काम तिने पूर्वी कधी केले नव्हते. टिटवी आत बसली, मान वळवून तिने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि चौथ्या दिवशी तीन अंडी घातली. येणारेजाणारे थांबून कौतुक करत. कुंभारीण उगाचच दिवसातून दोनदा तिकडून जाई.

मग ओल्या मातीचा वास सुटला. टिटवी घाबरली. अंडी सोडून माळावर जायला तिचे मन होईना.

“अगं, वारुळात ठेवलेल्या वस्तूला कधी काही झालंय का?” कुंभारीण तिला म्हणाली. “काही होत नाही. बिनधास्त जा.”

टिटवी गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा पूर्वेची भिंत सलग होती. वाळवीला खण ठाऊक होते, खाचा ठाऊक होत्या, खुंट्या ठाऊक होत्या. कोनाडा तिला ठाऊक नव्हता. तिच्या लेखी ते भिंतीला पडलेले भगदाड होते, आणि भगदाडे बुजवायची हेच तर तिचे काम. तिने ते चोख बुजवले होते. कोनाडा कुठून सुरू होत होता हेही सांगता येत नव्हते.

कुंभारणीने रात्र होईपर्यंत भिंत खरवडली. नवी माती दगडासारखी धरली होती. टिटवी तीन दिवस लंगडत वारुळाला फेऱ्या घालत होती. ती ओरडली नाही, हे सर्वांत वाईट होते. टिटवीचे गप्प राहणे त्या मुलखात कुणी पाहिले नव्हते. तिसऱ्या दिवशी ती कुंभारणीजवळ येऊन एवढेच म्हणाली, “इथंच होतं ना गं?”

पुढच्या आठवड्यात पंचांची बैठक बसली. पंचांची मुख्य घोरपड होती. ती कडक होती, पण वाईट नव्हती. आपल्या नखाखाली आलेली गोष्ट ती सोडत नसे, इतकेच. ठरले ते असे: यापुढे खण कुणीही लावावेत, त्याला आडकाठी नाही. पण खणांत भागत नाही म्हणून वारुळाला काही जोडायचे असेल, तर अंगावर चुन्याचा ठिपका हवा. ठिपका हवा तर परीक्षा द्यावी लागेल. साठ प्रश्न; त्यांतले बेचाळीस बरोबर आले पाहिजेत.

“जन्मभर माती मळतेय मी,” कुंभारीण म्हणाली, “आणि आता परीक्षा?”

“मळतेस छान,” घोरपड म्हणाली. “कुठे लावायची ते माहीत नाही तुला.”

कुंभारीण मुलूख सोडून जायला निघाली. तिने आपल्या दोन गाडग्यांची तोंडे बंद केली आणि वाऱ्याची दिशा पाहत ती एका काडीवर बसली होती, तेव्हा खालून लंगडत टिटवी आली.

“पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा अंडी घालणार आहे,” टिटवी म्हणाली. “न घालून चालतंय कुठं? माळावर घातली तर उकडून जातील. हा पाय काही पळायचा नाही. तू परीक्षा दे.”

“अजून भरवसा आहे तुझा माझ्यावर?”

“भरवसा नाही. गरज आहे. भरवसा येईल मागनं.”

कुंभारणीने गाडग्यांची तोंडे पुन्हा उघडली. त्या वाक्याचे उपकार आपण फेडू शकणार नाही, हे तिला तेव्हाच कळले होते. नंतर कितीतरी दिवस ती ते वाक्य स्वतःशी म्हणत असे, आणि प्रत्येक वेळी तिला बरे वाटत असे.

परीक्षेचा अभ्यास पानांवर होता. दर वर्षी माती फिरली की वाळवी वारुळाच्या पायथ्याशी वाळक्या पानांची एक चळत ठेवत असे. खणांची मापे, खाचांची खोली, यंदा काय बदलले, काय काढून टाकले, सारे त्यांवर कोरलेले असे. ती पाने सहसा कुणी वाचत नसे. उंदीर ती अंथरायला नेत असे. वाचणारी एकच होती, कसर नावाची म्हातारी कीड. पण तिची एक खोड होती: वाचलेले पान ती खाऊन टाकी. त्यामुळे तिला सगळे पाठ होते आणि दुसऱ्याला वाचायला काही उरत नसे.

“ये, बस,” कसर म्हणाली. “इतक्या वर्षांत कुणी विचारायला म्हणून आलं नाही बघ. काय काय सांगू तुला?”

तिने खरोखर सगळे सांगितले. हातचे राखून काही ठेवले नाही. कुंभारणीला पहिल्यांदा कळले की भिंतीवरच्या त्या खुंट्या म्हणजे चुकून राहिलेली टेंगळे नाहीत. ज्याला काही जोडायचे आहे त्याच्यासाठीच वाळवीने त्या ठेवल्या आहेत. माती फिरताना भिंत बदलते, खुंटी आपल्या जागी राहते. खुंटीला टांगले ते टिकते. भिंतीत कोरले ते जाते.  हे ऐकून कुंभारीण आजवर आपण किती खुंट्या कापल्या ते मोजू लागली. चौतिसाच्या पुढे तिने मोजणे सोडले.

कसरीने आणखीही पुष्कळ सांगितले. टांगायचे ते एका ओढीत काढता येईल असे टांगावे. वारुळाचा गारवा सर्वांचा असतो, म्हणून आपल्या जोडकामाला लागेल तेवढाच घ्यावा, जास्त नाही. जिथे वारूळ तयार खण देते तिथे आपली माती लावू नये. आणि वारुळाच्या पायथ्याशी, उत्तरेला, एक लहानसे भोक आहे. कुणाला काही कमी पडत असेल तर त्याने मातीच्या गोळीवर तसे कोरून ती गोळी त्यात टाकावी.

“वाळवी वाचते ती?” कुंभारणीने विचारले.

“वाचते म्हणतात. उत्तर मात्र वर्षांनी देते.”

कुंभारणीने एका गोळीवर कोरले: टिटवीला उजेडातले घर नाही. ती गोळी तिने भोकात टाकली आणि कामाच्या धबडग्यात विसरून गेली.

ओढ्यापलीकडे एक खोटे वारूळ होते. तेही वाळवीनेच बांधले होते, शिकणाऱ्यांसाठी. त्याला तशाच खाचा, तशाच खुंट्या. फक्त तिथे माती दर आठव्या दिवशी फिरे आणि आत कुणी राहत नसे. काहीही करा, कुणाचे काही बिघडणार नाही. इतकी मोठी सोय ओढ्यापलीकडे वर्षानुवर्षे ओस पडून होती. कुंभारणीने तिथे मुक्काम ठोकला. तिने टांगलेली पहिली पडवी आठव्या दिवशी भुगा झाली. दुसरी लोंबकळली. तिसरी जागच्या जागी राहिली, पण तिच्या वजनाने खुंटी वाकली. अंडी नसल्यामुळे ती प्रत्येक वेळी शांतपणे खाली उतरून बघू शकत असे की तुटले कुठून. मोडण्याची अशी मुभा आपल्याला आधी मिळाली असती तर, असा विचार तिच्या मनात येई आणि ती तो तिथेच सोडून पुढची माती मळायला घेई.

दुपारी टिटवी येई. तिला प्रश्न विचारण्याचे काम दिले होते, आणि ते तिला मानवले होते. ती चांगल्या पायावर उभी राही आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडे:

“टांगलेलं काढायचं कसं?”

“एका ओढीत!” कुंभारीण वरून सांगे.

“गारवा किती घ्यायचा?”

“लागेल तेवढाच!”

“आणि लागेल किती, ते कुणाला विचारायचं?”

“ज्याला लागणार त्याला. तुला. किती लागेल?”

“मला काय विचारतेस, अभ्यास तुझा!” टिटवी चिडून म्हणे, आणि मग थोडा विचार करून नीट उत्तर देई. दोन महिन्यांत साऱ्या मुलखाचा अभ्यास झाला. उंदीर आपल्या कोठारातून कुंभारणीच्या आधी उत्तर देऊ लागला.

परीक्षेच्या दिवशी कुंभारणीने साठही प्रश्न सोडवले आणि ती खुशीत बाहेर आली. संध्याकाळी घोरपडीने आकडा सांगितला. एकोणचाळीस.

“दाखवा मला,” कुंभारीण म्हणाली.

घोरपडीने न कंटाळता एकेक प्रश्न दाखवला. हेही तिने करायलाच हवे होते असे नाही. “खारीला आणखी एक खोली हवी आहे, काय कराल? तू लिहिलंस, गोल छताची खोली, दोन खिडक्या, आत फळी.”

“मग? वाईट आहे?”

“देखणी आहे. पण खोलीचा खण पायथ्याशी पडलेला आहे. सरकवायचा आणि घरी जायचं.” घोरपडीने जीभ बाहेर काढून आत घेतली. “एकवीस चुकले तुझे. त्यातल्या नऊ ठिकाणी बरोबर उत्तर होतं, काही बांधू नये. नऊही ठिकाणी तू बांधलंस.”

पाच प्रश्न तिला खरेच येत नव्हते. उरलेले सात विचित्र होते. त्यांची उत्तरे कसरीने सांगितल्याप्रमाणे अक्षर न् अक्षर बरोबर होती, आणि तरी चूक होती. कसर हे ऐकून कावरीबावरी झाली.

“सातही मागल्या वर्षांतली पानं असणार,” ती म्हणाली. “कुठलं कोणत्या वर्षी खाल्लं, माझ्या लक्षात राहत नाही गं. चव तीच असते.”

कुंभारणीला राग येईल असे सर्वांना वाटले होते. तिला तो आला नाही. जिने आपल्याजवळचे सगळे दिले तिच्या देण्यात सात दाणे किडके निघाले म्हणून रागवायचे, हे तिला जमेना. ती कसरीच्या बाजूला बसली आणि दोघींनी मिळून यंदाची पाने पहिल्यापासून काढली. या वेळी पान वाचून झाले की कुंभारीण ते उचलून ओढ्यापलीकडे नेऊन ठेवी. कसरीने महिनाभर उपास काढला, आणि एकदाही तक्रार केली नाही.

दुसरी परीक्षा पुढच्या पौर्णिमेला होती. टिटवीने खडे गोळा करायला सुरुवात केली होती. ती ते माळावर मांडी आणि पुन्हा विस्कटून टाकी. ऊन चढत चालले होते. पौर्णिमेला कुंभारीण नापास झाली तर ते खडे माळावरच राहणार, हे सर्वांना माहीत होते.

त्या महिन्यात कुंभारणीला सर्वांत जड गेले ते न बांधणे. प्रश्न वाचला की तिचे जबडे आपोआप हलू लागत. टिटवीने त्यावर उपाय काढला. प्रश्न विचारला की लगेच ती ओरडे, “थांब! पायथ्याशी बघून आलीस का?” कुंभारणीने खरोखर उडत जाऊन रांगेतले खण बघून यायचे आणि मगच उत्तर द्यायचे. असे पाचशे वेळा झाले. जे खण तिने जन्मभर नाक मुरडून दुरून पाहिले होते, ते आता तिने जवळून पाहिले. त्यांच्या कडा किती सारख्या होत्या, सांधे किती हलके होते, आणि आंधळ्या चिचुंद्रीला चाचपडून कळावे म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर एक बारीक रेघ कशी ओढलेली होती. ती रेघ पाहून कुंभारीण त्या दिवशी पुढे अभ्यास करू शकली नाही.

पौर्णिमेला तिला एक्कावन्न मिळाले. घोरपडीने नखाच्या टोकावर चुना घेतला आणि तिच्या डाव्या पंखावर ठिपका टेकवला.

“जड वाटेल थोडे दिवस,” ती म्हणाली.

“नाही वाटत.”

“वाटायला पाहिजे,” घोरपड म्हणाली, आणि नखावरचा चुना पुसू लागली.

कुंभारणीने पडवी तीन दिवसांत टांगली. कोनाडा होता त्या पूर्वेच्या भिंतीकडे जायचा तिला धीर झाला नाही. तिने दक्षिणेची बाजू धरली. चार खुंट्या, त्यांना चार गळ, त्यांवर पातळ छत, खाली जमिनीलगत बैठक. तीन बाजू मोकळ्या. भिंतीला तिने जबडासुद्धा लावला नाही. पिल्लांना उतरायला समोर तिने चंद्रकोरीसारखा उतार काढला. त्या उताराचा तिला थोडा गर्व होता, आणि एवढा गर्व तिला माफ करायला हरकत नाही. टिटवीने चार खडे आणून आत ठेवले. मग चार अंडी घातली.

अंडी उबायला अजून आठवडा होता, तेव्हा ओल्या मातीचा वास सुटला.

सगळे माळाकडे निघाले. टिटवी उठेना. ती कुंभारणीकडे बघत होती. कुंभारणीला गेल्या वर्षीचे आपलेच शब्द आठवत होते आणि तिने ते उच्चारले नाहीत.

“काय होईल ते मला माहीत नाही,” ती म्हणाली. “खोट्या वारुळावर सातवी पडवी टिकली होती. ही आठवी. तू जा. ठिपकेवाल्याला थांबायची परवानगी आहे. मी थांबते.”

टिटवीने अंड्यांवरून एकदा चोच फिरवली आणि ती गेली. ती मागे वळून पाहत होती, पण गेली.

दुपारी भिंत हलू लागली. कुंभारीण अंड्यांच्या वर, छताला खालून चिकटून बसली होती. भिंतीच्या आतून बारीक, अखंड करकर ऐकू येत होती. इतक्या जवळून तिने वाळवीला पूर्वी कधी ऐकले नव्हते. जुनी माती आत ओढली गेली, नवी बाहेर आली. मग खुंट्या आत जाऊ लागल्या. अर्धे बोट आत गेल्या. पडवी कलली. डाव्या कोपऱ्याला तडा गेला आणि बैठकीचा एक तुकडा खाली पडला. एक अंडे घरंगळत कडेला आले. कुंभारणीने त्याला अंग लावले. तिच्या वजनाने अंडे थांबण्यासारखे नव्हतेच, पण ते एका खड्याला अडले आणि थांबले.

मग आतली करकर क्षणभर बंद झाली. आणि चारही खुंट्या, जशा आत गेल्या होत्या तशाच सावकाश, बाहेर आल्या. पडवी सरळ झाली. चारही अंड्यांवर सावली होती.

कुंभारीण तिथेच बसून रडली. तिला थांबायला आणखी थोडा वेळ लागला असता, पण टिटवी सगळ्यांच्या आधी लंगडत येताना दिसली, आणि यंदा ती दुरूनच ओरडत होती. तो आवाज ऐकून माळावरचे सगळे हसले.

आठवड्याने चार पिल्ले निघाली. ओल्या पिसांनी धडपडत ती उठली आणि चालू लागली. कुंभारीण आपल्या उताराजवळ सज्ज होऊन बसली होती. चारही पिल्लांनी उताराकडे ढुंकूनही पाहिले नाही. डावा कोपरा तुटून जिथे जमीन सर्वांत जवळ आली होती, तिथून ती एकामागून एक खाली उतरली आणि माळावर पसार झाली. कुंभारीण इतकी हसली की पंखावरचा ठिपका थरथरला.

मग ती सर्वांना भेटायला गेली. कसरीला तिने राखून ठेवलेली सगळी पाने परत नेऊन दिली; कसरीने ती दोन दिवसांत संपवली. घोरपडीपुढे ती नुसती वाकली, कारण घोरपडीला बोललेले आवडत नसे. उंदराने स्वतःच सांगितले की आपणही परीक्षा द्यायची म्हणतो. टिटवीला काय द्यावे हे कुंभारणीला सुचले नाही.

“मागनं येईल म्हणाली होतीस,” ती फक्त म्हणाली.

“आला की,” टिटवी म्हणाली. “कधीच आला.”

राहिली वाळवी. तिला तोंड नाही, दार नाही. शेवटी कुंभारणीने हरभऱ्याएवढी एक पडवी घडवली. चार खुंट्या, छत, तीन बाजू मोकळ्या. त्यात तिने आपला लाडका उतार काढला नाही. जे खरे घडले तेच घडवले, आणि डावा कोपरा नखभर तोडला. उत्तरेच्या भोकापाशी जाऊन तिने ती आत सोडली. तिच्यावर तिने काही कोरले नव्हते. मागायचे काही नव्हतेच.

पुढच्या उन्हाळ्यात माती फिरली. संध्याकाळी सगळे परत आले तेव्हा टिटवी पायथ्याशीच थबकली.

“थांब,” ती सवयीने ओरडली. “पायथ्याशी बघितलंस का?”

खणांच्या रांगेच्या शेवटी एक नवी रांग होती. ते खण बिनउंबऱ्याचे होते, तीन बाजूंनी मोकळे. कुंभारणीने एकाला हात लावला. माती तिच्या मातीपेक्षा हलकी होती आणि चिवट होती. तिने वळून दक्षिणेच्या भिंतीवर टांगलेल्या आपल्या पडवीकडे पाहिले. ती तिथे वर्षभर टिकली होती आणि आणखी दहा वर्षे टिकली असती.

कुंभारीण उडत गेली. एका ओढीत पडवी खाली आली. भिंतीवर ओरखडाही नव्हता, चार खुंट्या जशाच्या तशा होत्या. मग खण उचलायला उंदीर आला, चिचुंद्री आली, आणि टिटवी पुढे लंगडत खाच शोधू लागली. दक्षिणेला खाच नव्हती. उत्तरेला नव्हती. ती चालत चालत पूर्वेच्या भिंतीशी आली. दोन वर्षे ती त्या बाजूला फिरकली नव्हती. तिथे, जमिनीलगत, सलग भिंतीत नवी खाच होती, बरोबर त्या कोनाड्याच्या रुंदीची.

“इथं,” टिटवी म्हणाली.

खण सरकवला, तो बसला. टिटवी आत गेली, तिने मान वळवून इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि पाय पोटाशी घेऊन बसली. पायथ्याशी उरलेले खण ज्याला हवेत त्याच्यासाठी रांगेने मांडलेले होते. संध्याकाळचे ऊन त्यांच्यावर पडले होते. त्यातल्या प्रत्येक खणाचा डावा कोपरा नखभर तुटका होता.